पहिली कू

पहिलं मशीन आम्ही बिघडलंय म्हणून परत नेलं. ते बिघडलेलं नव्हतं, पण हे कळायला पालघरपर्यंत जावं लागलं.

झालं असं, की रविवारी सकाळी बोईसरच्या आमच्या चाळीतल्या खोलीत बाबांच्या कानामागे ते काजूएवढं बदामी मशीन बसवलं. मी आणि धाकटा भाऊ त्यांच्यासमोर उभे राहिलो. मी विचारलं, "येतंय का ऐकू?" भावाने विचारलं, "बाबा, कसं वाटतं?" बाबा नेहमीसारखे आमच्या तोंडांकडे बघत होते. प्रश्न त्यांना कळले.

"नाय," ते म्हणाले. "पंख्याचा आवाज येतो. शेजारची भांडी पन वाजतात. तुमचा नाय येत."

मी संतापले. संतापायला मला मुहूर्त लागत नाही. प्राथमिक शाळेत शिकवते, माझा आवाज चार वर्गांना पुरतो, आणि एवढं महागडं परदेशी मशीन शेजाऱ्यांची भांडी ऐकवतं आणि मला नाही? आठवड्यातून एकदा मुंबईहून एक गृहस्थ येऊन पालघरच्या औषधांच्या दुकानामागच्या खोलीत बसत. कान तपासत, मशीन देत. दोन मशीनं आठ-आठ दिवस घरी नेऊन बघा, मग ठरवा, असं त्यांनीच सांगितलं होतं. त्यांच्या पुढ्यात मी ते मशीन आपटलंच म्हणायचं.

त्यांनी ते शांतपणे उचललं, बाबांच्या कानाला लावलं आणि खुर्चीमागे जाऊन हळूच म्हणाले, "काका, गाव कुठलं?"

बाबा दचकले. मागे न बघताच म्हणाले, "माकुणसार. सफाळ्याच्या म्होरं."

गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं. "ताई, घरी काय विचारलंत ते जरा इथे विचारा बघू."

मी बाबांकडे वळले आणि विचारलं, "येतंय का ऐकू?"

"अहो, पण तुम्ही आवाज कुठे काढलात?" गृहस्थ म्हणाले.

भाऊ माझ्याकडे बघत राहिला आणि मी भावाकडे. खरंच, आवाज काढला नव्हता. दोघांनीही नाही. नुसते ओठ हलवले होते, आणि त्यात काही कमी आहे असं आम्हाला जाणवलंच नव्हतं.

बाबांशी असंच बोलायचं, ही आमच्या घरची रीत होती. माकुणसारला भावांत वाटून उरलेलं भाताचं शेत एवढंसं, म्हणून बोईसरला कारखाने उभे राहिले तेव्हा बाबा इकडे आले आणि एका कापडाच्या कंपनीत साचेखात्यात लागले. साचेखातं म्हणजे मागांची शेड. लहानपणी डबा घेऊन मी एकदा दारापर्यंत गेले होते. मागांवर इकडून तिकडे धावणारे शेकडो धोटे एकदम आपटत होते आणि तो आवाज कानात नाही, दातांत जात होता. तिथे ओरडून उपयोग नाही, त्यामुळे कुणी ओरडत नाही. ओठ हलवायचे, बोटांनी थोडं दाखवायचं, बस. उत्तरेकडचा भय्या आणि डोंगराकडून आलेला गडी असे लांबून एकमेकांची चेष्टा करायचे आणि खदाखदा हसायचे, तेही बिनआवाजी.

ते बोलणं बाबांबरोबर घरी आलं. त्यांचे कान हळूहळू गेले, कधी गेले हे त्यांनाही सांगता आलं नसतं. आम्ही सगळे ओठांवर आलो. मी तेव्हा चौथी-पाचवीत असेन. कुणी ठरवलं नाही. आवाज लावून उपयोग नव्हता, म्हणून लावला नाही.

सगळ्यांत आधी शिकली ती आई. आणि आश्चर्य तिचंच, कारण ती केळव्याची. माहेरी नारळ-सुपारीची वाडी. दाट झाडीत माणूस दिसत नाही, म्हणून तिकडे नावाने हाक मारत नसत, कू घालत. नुसती "कूऽऽ". शब्द नाही, नाव नाही, फक्त आवाज. ज्याचा त्याचा आवाज वाडीतल्या प्रत्येकाला माहीत. आईची कू पोटातून निघायची, वर चढायची आणि शेवटी जरा मोडायची. विहिरीपासून निघालेली तिची कू वाडीच्या पार दुसऱ्या कुंपणापर्यंत जायची. लग्न ठरायच्या आधी बाबांनी तिला पाहिलं नव्हतं, पण कुंपणापलीकडून तिची कू ऐकली होती, असं मामा चेष्टेने सांगायचा. बाबा नाही म्हणत नसत.

कूला एक नियम होता. आईने तो मला अगदी लहानपणी, धाक घालून शिकवला. "पहिल्या कूला ओ द्यायची नाय. गप ऱ्हायचं. दुसरी आली का मंग द्यायची."

"का?"

"जितं मानूस दोनदा हाक मारतं. दुसरं काय आसंल ते येकदाच मारतं."

दुसरं काय, हे तिने कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. सुट्टीत वाडीत खेळताना पहिली कू ऐकली की मी जिथे असेन तिथे गोठायचे, आणि दुसरी आली की सुटल्यासारखी पळायचे.

अशी ही बाई बाबांशी मात्र बिनआवाजी बोलायची. आमच्या घरची भांडणं शेजाऱ्यांना कधी कळलीच नाहीत. एकाच दमात ती डावीकडे बाबांना मुक्याने झापायची आणि उजवीकडे मला आवाजाने. मला हसू यायचं. आता वाटतं, हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. बाबांनी तिचा आवाज शेवटचा कधी ऐकला? ते म्हणत, मला ऐकू यायची ना ती. तिच्या ओठांवरून शब्द वाचायचे आणि आवाज आठवणीतला घालायचे. त्यांचं भागत होतं.

मग आई आजारी पडली. पालघरच्या इस्पितळात तिच्या खाटेपाशी आम्ही दुपारचे बसलो होतो. बाबा खिडकीपाशी माठातून तांब्या भरत होते, तिच्याकडे पाठ करून. आणि दिवसभर डोळे न उघडलेल्या आईने कू घातली. पूर्ण, पोटातून, केळव्याच्या वाडीतली. सगळी खोली दचकली. कुणाच्या तरी हातातली वाटी पडली, नर्स धावत आली. बाबा तांब्या भरत होते. त्यांनी तो भरला, माठावर झाकण ठेवलं, वळले, आणि सगळे खाटेकडे का बघताहेत ते त्यांना कळेना.

त्यांनी ओठांनी विचारलं, काय झालं?

मी ओठांनी सांगितलं, आईने कू घातली.

कुणाला?

तुम्हाला.

किती वेळा?

एकदाच, मी म्हणाले.

आई त्यानंतर बोलली नाही. दिवेलागणीला गेली.

त्या दिवसापासून बाबांनी होता होईल तो कुणाकडे पाठ केली नाही. घरात भिंतीला टेकून बसत, दाराकडे तोंड करून. गॅलरीत खुर्ची भिंतीला लावून बसत. रस्त्याने चालता चालता एकदम थांबत आणि वळून मागे बघत. मागे तारापूर रस्त्यावरचे ट्रक, सायकली, भाजीवाली, बस. तरी बघत राहत. एकदा असेच भर रस्त्यात उभे राहिले आणि ट्रक अंगाला घासून गेला. कानाच्या मशीनचं आम्ही मनावर घेतलं ते त्यामुळे. निदान लोकांना तरी तसंच सांगितलं.

माझ्यापुरतं खरं वेगळं होतं. मला वाटत होतं, बाबांनी मला ऐकावं. चौथी-पाचवीतली मी त्यांनी ऐकली होती. त्यानंतरची मी, वर्गात शिकवणारी, भांडणारी, कधीमधी गुणगुणणारी, ती त्यांनी ऐकलेलीच नव्हती. दोन मशीनांतलं जे मला नीट ऐकवेल ते आपलं, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

पालघरहून येऊन आम्ही पुन्हा सुरुवात केली. आता ठरवून आवाज लावून. सोपं नव्हतं, बाबांच्या डोळ्यांत बघितलं की घसा आपोआप बंद व्हायचा. मी त्यांच्याकडे पाठ केली आणि म्हणाले, "बाबा, चहा घेणार?"

 वळून पाहिलं तर ते ताठ बसलेले.

"ह्यो तुजा आवाज?"

"मग कुणाचा असणार?"

"बारकी होतीस तवा आसा नव्हता," ते म्हणाले. आणि चहा दिला तेव्हा, परक्या बाईने दिल्यासारखा, दोन्ही हातांनी घेतला.

कानामागचं मशीन खरंच चांगलं होतं. बाबांना पाल ऐकू आली, स्टोव्ह ऐकू आला, मागून येणारी सायकल ऐकू आली. माझा शब्द न शब्द ऐकू येत होता. पण मी बोलायला लागले की ते सावरून बसायचे. पाहुणी आल्यासारखे. आठ दिवसांत ते जरा सैलावले. माझं काहीतरी ऐकून एकदा हसलेही. मला फार बरं वाटलं. जमेल, मी म्हटलं. ओळख व्हायला वेळ लागतोच.

मग दुसरं मशीन आणलं. हेही परदेशी, हेही महाग, पण जुन्या पद्धतीचं. काडेपेटीपेक्षा मोठी डबी शर्टाच्या खिशात, तिच्यातून निघालेली वायर कानापर्यंत. ताकद दांडगी. ज्यांचे कान फारच गेलेत त्यांच्यासाठी, असं ते गृहस्थ म्हणाले होते. पण शर्ट घासला की त्यात खरखर, वारा लागला की खरखर. बोलणंही जाड, भरड, घोंगडीआडून आल्यासारखं. बाबांना शब्द नीट कळत नव्हते, अर्धे ओठांवरूनच घ्यावे लागत. मी मनात त्याच्यावर काट मारून टाकली.

त्याच आठवड्यात मामाने सुपारी काढायला केळव्याला बोलावलं. बाबा डबी खिशात घालून आले. आई गेल्यापासून ते वाडीत पाऊल ठेवत नव्हते, पण त्या दिवशी आले. पार कुंपणाशी, जमिनीवर पडलेल्या सुपाऱ्या टोपलीत भरत बसले. मी विहिरीपाशी होते. चहा झाला होता, त्यांना बोलवायचं होतं. आणि माझ्या तोंडून सहज, तिथली सवय म्हणून, कू निघाली. किती वर्षांनी घातली असेन. पोटातून आली, वर चढली आणि शेवटी जरा मोडली. मला स्वतःलाच काटा आला.

झाडांच्या फटीतून बाबा दिसत होते. त्यांचा हात टोपलीवर थांबला. ते उठले नाहीत, वळले नाहीत, मान किंचित खाली घालून बसून राहिले. नियम आहे, दुसरीची वाट बघताहेत, असं मला वाटलं. मी दुसरी घातली.

तेव्हा ते वळले. मला पाहिलं. त्यांच्या तोंडावर जो उजेड होता तो मी बघेपर्यंत मावळला, पण मावळताना मला दिसलं. तसं तोंड करून बाबांनी माझ्याकडे कधीच पाहिलं नव्हतं.

जवळ आले आणि म्हणाले, "दुसरी कशाला घातलीस?"

मी म्हटलं, "घालायचीच असते ना."

ते विहिरीपाशी बसले. चहा प्यायले. येताना एस.टी.त सारखा खिशावर हात ठेवून बसले होते.

ठरवायच्या दिवशी गृहस्थांनी दोन्ही मशीनं टेबलावर मांडली आणि कानामागच्याची बाजू घेतली. बोलणं स्वच्छ, दिसत नाही, वायरची कटकट नाही. भाऊ मान हलवत होता. मी तर वकीलच झाले होते. बाबांनी सगळं ऐकून घेतलं, हात पुढे केला आणि डबी उचलली.

"काका, त्यात बोलणं नीट कळत नाही तुम्हाला," गृहस्थ म्हणाले.

"चालंल," बाबा म्हणाले.

माझा तोल गेला. पण परक्या माणसासमोर तमाशा नको, म्हणून मी बाबांकडे वळले आणि मुक्याने भांडले. कानाच्या मशीनच्या खोलीत, आवाज न काढता. मी म्हटलं, इतकं करून हे घेणार? त्यात शब्द कळतात, मी कळते. मग कशाला हे भंगार?

बाबांनीही ओठांनीच उत्तर दिलं. माझ्याशिवाय कुणाला कळू नये असं.

त्यात तू ऐकू येते, ते म्हणाले. ह्यात ती येते.

खोलीत पंख्याचा आवाज होता. भाऊ विचारत होता, काय झालं, काय म्हणाले? मी म्हटलं, काही नाही, डबीच पाहिजे म्हणताहेत, देऊन टाका.

मला कळलं ते असं. माझा मोठेपणीचा आवाज मशीन येईपर्यंत बाबांनी ऐकलाच नव्हता, आणि आईचा ऐकला होता तो ती माझ्या वयाची असताना. त्या भरड डबीत माझ्या आवाजाचं जे काही माझं होतं ते गळून जायचं, आणि उरायचं ते तिचं. यात भुताखेताचं काही नाही. पण मला भीती वाटली. माझ्या घशात कुणीतरी आहे आणि माझे बाबा त्याची वाट बघताहेत, असं वाटू लागलं. आणि खरं सांगायचं तर रागही आला. मेलेल्या आईचा हेवा वाटला. ती होती तेव्हाही ते तिलाच ऐकत होते, ऐकू येत नसताना.

डबी घरी आली आणि थोड्याच दिवसांत मी बाबांशी आवाजाने बोलणं बंद केलं. मागून हाक मारली की ते वळायचे, आणि वळताना तोंडावर तो उजेड यायचा, मला बघितलं की जायचा. रोज दहादा तो जाताना बघणं मला जमेना. मग मी समोर जाऊन उभी राहायचे आणि ओठ हलवायचे, पूर्वीसारखी. भाऊ वैतागायचा. "मशीन काय शोभेला घेतलं?" मी म्हणायचे, सवय. बाबा सकाळी डबी खिशात घालत, रात्री काढून उशाशी ठेवत, सेल संपले की माझ्यापुढे हात करत. भिंतीला टेकून बसणं तसंच चालू होतं.

पावसाळा संपून गेला होता. एका दुपारी मी शाळेतून आले. बाबा गॅलरीत, खुर्ची भिंतीला लावून बसलेले. शेजारणी खाली सतरंजीवर तांदूळ निवडत होत्या. मी समोर उभी राहून ओठांनी विचारलं, जेवलात का?

त्यांनी हाताने मला थांबवलं. उठले. खुर्ची उचलून फिरवली आणि कठड्याकडे तोंड करून ठेवली. माझ्याकडे पाठ करून बसले. आई गेल्यापासून त्यांनी अशी मुद्दाम पाठ केलेली मी पाहिली नव्हती. किती बारीक झाले होते. शर्टाच्या कॉलरवरून ती वायर कानाकडे गेली होती. त्यांनी खिशातल्या डबीचं आवाज वाढवायचं चाक फिरवलेलं मला मागून कळलं.

"घाल," ते म्हणाले.

काय घालू, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर आवाजाने विचारावं लागलं असतं आणि तो आवाज तिचा झाला असता. शेजारणींकडे पाहिलं. भर दुपारी, चाळीच्या गॅलरीत, पदर खोचलेली शाळेची बाई. म्हटलं, बघू देत. दम घेतला आणि कू घातली. पोटातून. ती वर चढली, शेवटी मोडली. शेजारणींचे हात तांदळात थांबले.

बाबांनी वाट बघितली नाही.

"ओऽ," ते म्हणाले. लगेच. पहिलीलाच. आवाज लावून, एखाद्या जवान गड्यासारखा, कुंपणापलीकडून दिलेला. आणि वळले नाहीत. मान किंचित खाली घालून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिले.

दुसरीसाठी माझी छाती भरून आली होती. इतक्या वर्षांची सवय, ती आपोआप भरते. मी तो दम आवाज न करता हळूहळू सोडला आणि त्यांच्या मागे उभी राहिले.